राखी व्यायली तो हिवाळा

राखी, आमची सशाची मादी, घरी आली ती रविवार, २४ नोव्हेंबर २०२४ रोजी संध्याकाळी. नाशिकच्या इंदिरानगरमधील आमच्याच सोसायटीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाची बदली झाली होती, सामानाचा टेम्पो दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होता, आणि गच्चीवरच्या पिंजऱ्यातील दोन सशांचे काय करायचे हा प्रश्न त्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत पुढे ढकलला होता. तपकिरी ससा त्यांच्या सिन्नरच्या नातेवाइकांनी दुपारीच नेला. राखाडी रंगाची मादी मात्र तशीच मागे राहिली होती. माझा आठवीतला मुलगा तिला टॉवेलमध्ये धरून वर घेऊन आला आणि "आई, हिला न्यायला कोणीच आले नाही," एवढेच म्हणाला. ती गाभण आहे, हे त्या वेळी आम्हांला ठाऊक नव्हते. दुकानदाराने दोन्ही माद्या म्हणून विकल्या होत्या आणि सहा महिने त्या कुटुंबानेही तसेच मानले होते.

पुढच्या काही आठवड्यांत मी मराठीत जे जे वाचायला मिळेल ते शोधले. जे मिळाले ते बहुतेक ससेपालनाच्या व्यवसायाविषयी होते: शेड किती लांब असावी, वीस माद्यांमागे नर किती असावेत, विक्री कशी करावी. दुसऱ्या मजल्यावरच्या घरात एकच मादी, तीही गाभण, आणि घरात कोणालाच अनुभव नाही, अशा माणसाने काय करावे हे कुठेच सलग सापडले नाही. म्हणून मी वहीत तारखा लिहीत गेले. हे लेखन त्या वहीवरूनच केले आहे.

पहिले चार दिवस राखी कोपऱ्यातून हलली नाही. ती भरपूर खात होती, पण पिंजऱ्यात हात घातला की गुरगुरायची आणि पुढचे पाय आपटून अंगावर यायची. ससा गुरगुरतो हेच मला नवीन होते. तिच्या मानेवर पांढरा कोंडा दिसला म्हणून मी एका दुकानात विचारले, तेव्हा तिथल्या मुलाने मांजराच्या मानेवर सोडायचे पिसवांचे औषध पुढे केले. सुदैवाने ते लावण्यापूर्वी मी डॉक्टरांना विचारायचे ठरवले. त्या औषधात फिप्रोनिल होते, आणि फिप्रोनिल सशाला घातक ठरते. कुत्र्या-मांजरांसाठीचे कोणतेही औषध सशाला परस्पर देऊ नये, हा माझा पहिला धडा.

डॉक्टर शोधण्यातच दोन दिवस गेले. मी जवळच्या तीन दवाखान्यांत फोन केले. दोन ठिकाणी "आम्ही कुत्री-मांजरे पाहतो," असे सरळ सांगितले गेले. ते प्रामाणिकपणे सांगतात, याचे मला बरेच वाटले. तिसऱ्या फोनवरून गंगापूर रोडवरच्या एका डॉक्टरबाईंचा पत्ता मिळाला. त्यामुळे प्राण्याला घेऊन बाहेर पडण्यापूर्वी फोनवर "सशांवर उपचार करता का?" हा प्रश्न नेमका विचारून घ्यावा, ही विनंती. रिक्षाच्या धक्क्यांनी आणि मुंबई नाक्यावरच्या हॉर्नच्या आवाजाने घाबरलेल्या सशाला दोन-दोन दवाखाने फिरवणे त्याच्या अंगावर बेतू शकते.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर. केसपेपर आणि तपासणीचे ४०० रुपये. डॉक्टरांनी राखीला टेबलावर टॉवेल अंथरून बसवले, एक हात छातीखाली आणि दुसरा पोटाखाली घेतला आणि डोळे मिटल्यासारखे करून बोटांनी चाचपत राहिल्या. मग त्यांनी विचारले, "दुसरा ससा नक्की मादीच होता का?" मी खालच्या कुटुंबाला तिथूनच फोन लावला. तपकिरी ससा नेहमी हिच्या पाठीवर चढायचा, आम्हांला वाटायचे खेळतात, असे त्यांनी सांगितले. डॉक्टर म्हणाल्या, "ताई, पोटात गोळे लागताहेत. द्राक्षाच्या मण्यांएवढे आहेत. साधारण दोन आठवडे झाले असावेत." नाशिककराला याहून नेमके माप दुसरे कोणी देऊ शकणार नाही. घरी परतताना रिक्षात माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे मी वेगळ्याच नजरेने पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी केली. ९०० रुपये. पोटावरचे केस काढावे लागतील अशी मला भीती होती, कारण हेच केस उपटून मादी घरटे करते. पण डॉक्टरांनी केस भिजवून आणि जेल लावूनच काम भागवले. पडद्यावर करड्या गोंधळात एक ठिपका फडफडताना दिसला, मग शेजारी दुसरा. किमान चार पिल्ले आहेत, नेमका आकडा यात कळत नाही, असे त्यांनी सांगितले. सोनोग्राफीचा खर्च अनावश्यक आहे असे काहींना वाटेल, परंतु सशांमध्ये खोटी गर्भधारणाही होते. मादी घरटे करते, केस उपटते आणि पिल्ले मात्र नसतात. आमची शंका ९०० रुपयांत मिटली.

त्यानंतरचा हिशेब आम्ही स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर मांडला. सशाचा गर्भकाळ साधारण २८ ते ३२ दिवसांचा, बहुधा ३१. गोळ्यांच्या आकारावरून वीण १३ ते १८ डिसेंबरच्या दरम्यान अपेक्षित होती. पण नर-मादी २४ नोव्हेंबरपर्यंत एकत्र असल्यामुळे शेवटची शक्यता २६ डिसेंबरपर्यंत ताणत होती. या हिशेबात एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. सशाची मादी व्याल्यानंतर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. तपकिरी नर त्याच दिवशी सिन्नरला गेला नसता, तर पिल्लांना दूध पाजता पाजता तिच्या पोटात दुसरी वीण वाढू लागली असती.

मध्येच सोसायटीचा प्रश्न उभा राहिला. सोमवार, २ डिसेंबरला सचिवांकडे तक्रार गेली की आमच्या घरी सशांची पैदास सुरू होणार आहे, वास येईल, आणि ससा पाळणे मुळात बेकायदा आहे. तक्रार करणाऱ्यांचा मला राग आला नाही. त्यांना माहिती नव्हती, आणि आठ दिवसांपूर्वी मलाही नव्हती. मी साध्या कागदावर अर्ज लिहिला. त्यात तीन गोष्टी स्पष्ट केल्या: हा पाळीव ससा आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेला आपल्याकडचा रानससा नव्हे, मादी गाभण अवस्थेतच आमच्याकडे आली असून पैदास किंवा विक्री करण्याचा हेतू नाही, आणि पिल्ले आठ आठवड्यांची होताच त्यांना घरे शोधून दिली जातील. रानसशाची पिल्ले अंगावर केस घेऊन आणि डोळे उघडे ठेवूनच जन्मतात, पाळीव सशाची मात्र डोळे मिटलेली, केस नसलेली असतात. हा फरक मी सभेत सांगितला तेव्हा दोन वडीलधाऱ्या सभासदांनी आपुलकीने आणखी प्रश्न विचारले. अर्जाला डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले. अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि एका प्रतीवर सही-शिक्क्यासह पोच घ्यावी. ८ डिसेंबरच्या रविवारच्या सभेत विषय आला आणि १० तारखेला लेखी परवानगी मिळाली, अट एवढीच की घाण सार्वजनिक कचरापेटीत उघडी टाकू नये.

दरम्यान खालच्या कुटुंबाकडून राखी आम्हांला दिल्याचे पत्रही करून घेतले. झेरॉक्सच्या दुकानात मुद्रांकाचा सल्ला मिळाला होता, पण ऑक्टोबर २०२४ पासून शंभराऐवजी पाचशेचा मुद्रांक लागू झाला आहे. एका सशासाठी तो खर्च करण्याचे कारण नव्हते. साध्या कागदावर तारीख, प्राण्याचे वर्णन आणि दोघांच्या सह्या पुरेशा झाल्या. ते पत्र मी व्हॉट्सअ‍ॅपवरच मागवले, कारण ती मंडळी तोवर नव्या गावी पोहोचली होती.

आता खाण्याविषयी. प्रौढ सशाचे मुख्य अन्न वाळलेले गवत असते. गाभण आणि दूध पाजणाऱ्या मादीला त्याच्या जोडीला प्रथिने आणि कॅल्शियम अधिक असलेला लसूणघास (अल्फाल्फाचा चारा; लसणाशी त्याचा संबंध नाही) देता येतो. ऑनलाइन मागवलेले दोन किलो टिमोथी गवत १,३०० रुपयांना पडले. लसूणघास मात्र आपल्या भागात गोठ्यावर सहज मिळतो. मखमलाबादकडच्या एका गोठ्यावरून आठवड्याला ६० रुपयांचा घास आणायचा, गच्चीवर सावलीत पसरून वाळवायचा आणि मगच द्यायचा, असा क्रम बसला. ओला घास भाराने दिला तर पोट फुगते. गोठेवाल्या काकांनी प्रेमाने सरकी पेंडही देऊ केली, पण गुरांचे खाद्य सशाला देऊ नये असे डॉक्टरांनी बजावले होते, तेव्हा मी ती हात जोडून परत केली. भद्रकालीच्या बाजारातून कोथिंबीर, मुळ्याचा आणि गाजराचा पाला आणत असे. ओळखीच्या एका बागायतदारांनी द्राक्षवेलीची पाने आणून दिली; ती पाने सशाला चालतात, परंतु बागेत फवारणी सतत चालू असते, म्हणून ती मी वापरली नाहीत. टोमॅटोचा आणि बटाट्याचा पाला, कांदा आणि लसूण यांना तर अजिबात जवळ येऊ देऊ नये.

घरट्याची पेटी सुताराकडून करून घेतली. साहित्यासह ७५० रुपये. लांबी १८ इंच, रुंदी आणि उंची प्रत्येकी १२ इंच, आणि पुढच्या बाजूला सहा इंचांचा उंबरठा. हा उंबरठा महत्त्वाचा आहे. पिल्ले आचळ धरून राहिली आणि आईने बाहेर उडी मारली, तर ती तिच्याबरोबर ओढली जाऊन बाहेर पडतात. उंबरठ्याला घासून ती आतच सुटतात. तळाशी ओल झिरपण्यासाठी बारीक भोके पाडून घेतली. सासूबाई निफाड तालुक्यातल्या; त्यांच्या माहेरी शेळ्या होत्या, त्यामुळे या सगळ्यात त्यांचा जीव गुंतला होता. त्यांनी जुन्या दुलईतला कापूस पिंजून ठेवला. "अगं, डिसेंबरची थंडी आहे, उघडी पिल्लं काय करतील?" हा त्यांचा प्रश्न रास्तच होता; परंतु कापसाचे आणि चिंध्यांचे धागे पिल्लांच्या पायांना आणि मानेला गुंडाळले जातात. आम्ही पेटीत फक्त मऊ वाळलेले गवत भरले आणि मधोमध मुठीने खळगा केला. सासूबाईंनी तो कापूस गुपचूप परत दुलईत घातला आणि खळगा मात्र स्वतःच्या हाताने नीट करून दिला.

पेटी फार आधी ठेवली तर मादी तिचा वापर मोरीसारखा करते. म्हणून बुधवार, ११ डिसेंबरला, म्हणजे अंदाजे सत्ताविसाव्या दिवशी, ती पिंजऱ्यात ठेवली. जागा आतल्या खोलीतली, दूरदर्शनपासून लांब, दाराशेजारची नव्हे. खोलीचा तापमापक त्या आठवड्यात पहाटे १५ अंशांवर येत होता, म्हणून खिडकीला जाड चादर लावली. राखीला उचलणे पूर्णपणे बंद केले. एरवीही सशाला कानांनी कधीच उचलू नये. मागचा भाग लोंबकळला आणि त्याने पाय झाडले तर कणा मोडू शकतो.

१३ तारखेला दुपारी ती तोंडात गवत धरून फिरताना दिसली. दोन्ही बाजूंनी काड्या आडव्या बाहेर आलेल्या, मिशा फुटाव्यात तशा; ती पेटीत जायची, काड्या टाकायची, बाहेर येऊन पुन्हा भरून न्यायची. १४ तारखेला, दत्तजयंतीच्या संध्याकाळी, तिने केस उपटायला सुरुवात केली. सशाच्या मादीच्या गळ्याखाली बैलाच्या गळ्याला लोंबते तशी कातड्याची वळी असते. त्या वळीवरून आणि पोटावरून ती तोंडाने झुबकेच्या झुबके ओढत होती. तिला दुखत असेल या विचाराने मुलाच्या डोळ्यांत पाणी आले. या दिवसांत केस आपोआप सैल होतात, आणि केस गेल्यामुळे आचळही पिल्लांसाठी मोकळे होतात, असे डॉक्टरांनी आधी सांगून ठेवले होते, म्हणून मी त्याला शांत करू शकले. आम्ही दिवे मालवले आणि दार लोटून घेतले.

रविवार, १५ डिसेंबर. पहाटे साडेपाचला मी दार उघडले, तेव्हा राखी पेटीच्या बाहेर बसून तोंड पुसत होती. आत राखाडी केसांचा ढीग होता आणि तो ढीग हलत होता. उतू जाण्याआधी दुधावरची साय जशी खालून उचलली जाते, तसा. मी तेवढ्यात पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पाहिले. एक पिल्लू बाहेर, उघड्या जागेवर पडले होते. अंगठ्याएवढे, गार, निळसर, हालचाल नाही. मेलेले आहे असेच वाटले. परंतु गारठलेले पिल्लू ऊब दिल्याशिवाय मेलेले मानू नये, हे मी वहीत लाल शाईने लिहिलेले होते. सासूबाईंनी ते माझ्या हातातून घेतले, ओंजळीत धरले आणि शालीच्या आत छातीशी लावून बसल्या. पंचवीस मिनिटे कोणी काही बोलले नाही. मग त्या म्हणाल्या, "हलतंय."

राखीला कोथिंबिरीची काडी देऊन दुसऱ्या बाजूला गुंतवले, हात साबणाने धुतले, तिच्याच गवतावर चोळले आणि पेटीत हात घातला. माणसाचा हात लागला की आई पिल्लांना मारते, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. ओळखीच्या माणसाने शांतपणे हात लावला तर तसे होत नाही, आणि न पाहणे अधिक धोक्याचे असते. कारण मेलेले पिल्लू आत राहिले तर घरटे खराब होते. एकूण सहा होती. एक मृत जन्मलेले, पाच जिवंत. ३५० रुपयांच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वाटी ठेवून वजने घेतली: ४७, ४५, ४२, ४१ आणि २८ ग्रॅम. बाहेर सापडलेले ४२ ग्रॅमचे होते. काट्यावरचा २८ हा आकडा पाहून मला पुढचे थोडेसे कळले होते.

यापुढचा दिवस सांगण्यासाठी खरे तर मी हे सगळे लिहायला घेतले.

राखी पिल्लांकडे जाईना. सकाळभर ती पेटीपासून शक्य तितकी दूर बसून होती. दुपारी तिने खाल्ले, पाय पसरून आडवी झाली, पेटीकडे पाहिलेसुद्धा नाही. संध्याकाळी तसेच. १६ तारखेला सकाळी तसेच. गाय वासराला चाटते, शेळी करडाला हाका मारते, मांजर पिल्लांभोवती वेटोळे करून पडते. आपल्या डोळ्यांना आईचे जे रूप सवयीचे आहे, त्यातले एकही हिच्यात दिसत नव्हते. घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. १६ तारखेच्या संध्याकाळी सासूबाईंनी गाईचे दूध कोमट केले आणि स्वच्छ मलमलीचा बोळा केला. मी एक पिल्लू तळहातावर घेतलेही. बोळा दुधात बुडवण्यापूर्वी, केवळ किती थेंब पाजायचे हे विचारण्यासाठी, मी डॉक्टरांना फोन केला.

डॉक्टर आधी म्हणाल्या, "ते दूध बाजूला ठेवा." आणि मग, "पिल्लाला उताणं करा. पोट कसं दिसतंय?"

मी दिव्याखाली धरले. सशाच्या नवजात पिल्लाची कातडी इतकी पातळ असते की आतले दिसते. पोट चिंचोक्यासारखे टच्च फुगलेले होते आणि डाव्या बाजूला, कातडीच्या आत, पांढरा स्वच्छ पट्टा होता. ते दूध होते. दुसरे पाहिले, तिसरे, चौथे; सगळ्यांच्या पोटात तो पट्टा होता. तिने त्यांना पाजले होते, आम्ही झोपेत असताना.

सशाची मादी दिवसातून एकदा, फार तर दोनदा पाजते, बहुधा पहाटे किंवा रात्री, आणि तेही जेमतेम तीन ते पाच मिनिटे. तिचे दूध फार घट्ट असते. प्रथिने आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या सुमारे तिप्पट. उरलेला वेळ ती मुद्दाम दूर राहते. रानात तिच्या अंगाच्या वासाने शिकारी प्राणी घरट्यापर्यंत पोहोचतो, तेव्हा तिचे दूर बसणे हेच तिचे राखणे आहे. बोळ्याने पाजलेले दूध श्वासनलिकेत जाऊन किंवा पोट बिघडून कितीतरी निरोगी पिल्ले दगावतात, आणि पाजणाऱ्या माणसाला शेवटपर्यंत वाटत राहते की आईने टाकली म्हणून ती गेली. आमच्या घरी तेच होण्याला एका फोनचे अंतर उरले होते.

त्या रात्री मुलाने जुना मोबाइल पिंजऱ्यासमोर उभा करून चित्रण लावून ठेवले. सकाळी सगळ्यांनी मिळून पाहिले. ५ वाजून १० मिनिटांनी राखी पेटीत शिरली, पिल्लांवर स्थिर उभी राहिली. चार मिनिटांनी बाहेर आली आणि पाणी प्यायला गेली. सासूबाईंनी ते चित्रण दोनदा पाहिले. पुढे महिनाभर त्या पहाटे पाचला उठल्या की दाराबाहेर थांबायच्या, आत कधीच गेल्या नाहीत.

तेव्हा पोट गोल आणि कातडी ताणलेली असेल तर हात जोडून दूर राहावे. पोट आत गेलेले, कातडी सुरकुतलेली आणि पिल्लू सतत वळवळणारे असेल तर डॉक्टरांना फोन करावा. रोज एकाच वेळी वजन घ्यावे. आमची चार पिल्ले आठव्या दिवशी जन्मवेळच्या दुपटीपलीकडे गेली होती.

२८ ग्रॅमचे पिल्लू मात्र १७ तारखेला २७ भरले आणि त्याच्या पोटावर सुरकुत्या दिसल्या. डॉक्टरांच्या सांगण्यावरून इतर चौघांना उबदार टॉवेलमध्ये काही मिनिटे बाजूला ठेवून त्याला एकट्याला राखीखाली सोडले. त्याने थोडे घेतले. १८ तारखेला पुन्हा तसे केले, पण त्याच्यात आचळ धरण्याची ताकद उरली नव्हती. १९ तारखेला, मार्गशीर्षातल्या गुरुवारी सकाळी, ते गेले. सोसायटीच्या मागच्या कढीपत्त्याच्या झाडाखाली मुलाने आणि मी त्याला पुरले. मोठ्या विणीत एखादे पिल्लू असे जाते, असे डॉक्टर म्हणाल्या. ते खरेच आहे. त्या दिवशी मुलगा शाळेत गेला नाही आणि मी त्याला जा म्हटले नाही.

पुढचे दिवस भराभर गेले. आठवड्याभरात अंगावर मखमलीसारखी लव आली, २६ डिसेंबरला पहिले डोळे उघडले आणि दुसऱ्या दिवशी चौघांचेही उघडले. या वेळी डोळ्यांच्या कडा चिकटून तर राहिल्या नाहीत ना, हे रोज पाहावे. ओले गवत काढून कोरडे घालताना केसांचा थर जपून ठेवला. १ जानेवारीला पहिले पिल्लू उंबरठा ओलांडून बाहेर आले आणि आईच्या घासात तोंड घालून बसले. राखीचे आचळ रोज बोटांनी पाहत होते; लाल, गरम किंवा टणक लागले तर तो सडांचा दाह असतो आणि थांबून चालत नाही. तिचे पाणी इतके वाढले होते की बाटली काढून जड वाडगा ठेवावा लागला. संक्रांतीपर्यंत पेटी काढून टाकली आणि आतली खोली चौघांनी ताब्यात घेतली. वायरी मात्र आधीच पाइपमध्ये घालून घ्याव्यात. चार्जरची एक वायर आम्ही गमावली, सुदैवाने ती चालू नव्हती.

घरे शोधण्याचे काम मला विणीपेक्षा अवघड गेले. एका गृहस्थांना नर-मादीची जोडीच हवी होती, दुसऱ्यांना मुलीच्या वाढदिवसाची भेट म्हणून एक पिल्लू डब्यात घालून हवे होते. दोघांनाही नम्रपणे नकार दिला. शनिवार, ८ फेब्रुवारीला डॉक्टरांकडून चौघांची तपासणी करून घेतली, प्रत्येकी २०० रुपये. दोन नर, दोन माद्या. लिंग डॉक्टरांकडूनच ओळखून घ्यावे, हे राखीच्या बाबतीत आधी कोणी केले असते तर ही कथाच घडली नसती. ९ फेब्रुवारीला, आठ आठवडे पूर्ण झाले त्या दिवशी, दोन माद्या म्हसरूळच्या एका घरी आणि दोन नर नाशिकरोडच्या कुटुंबाकडे गेले. दोन्ही घरे आधी जाऊन पाहिली होती. पत्रात चार गोष्टी लिहून सह्या घेतल्या: ससा घरात राहील, वेळेवर नसबंदी होईल, परस्पर कोणाला दिला जाणार नाही, आणि सांभाळणे जमेनासे झाले तर तो आमच्याकडे परत येईल. सोबत महिनाभराचे सवयीचे गवत दिले, कारण अन्न अचानक बदलले की या वयात जुलाब लागतात आणि ते जिवावर बेततात.

तोपर्यंतचा खर्च, भाजी सोडून, ६,६०० रुपये झाला होता. यात वर सांगितलेल्या रकमांबरोबर तयार खाद्याचे ७०० आणि मधल्या दोन तपासण्यांचे ८०० रुपये धरले आहेत.

राखीची नसबंदी उरली होती. मादीचे गर्भाशय तसेच ठेवले तर वय वाढेल तसा त्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून दूध पूर्ण आटल्यावर आणि नाशिकचा उन्हाळा तापण्यापूर्वी शस्त्रक्रिया करायचे ठरले. शनिवार, ८ मार्च, ६,००० रुपये. आदल्या रात्री मी सवयीने विचारले की किती तास उपाशी ठेवायचे. ससा उलटी करू शकत नाही आणि त्याचे पोट थांबले तर तेच संकट, त्यामुळे त्याला उपाशी ठेवायचे नसते. उलट शस्त्रक्रियेनंतर तो कधी खातो आणि कधी लेंडी टाकतो याकडे लक्ष ठेवायचे असते. दुपारी चारला ती घरी आली, गुंगीत, कान पाठीला लावून. कोथिंबीर, घास, गाजराचा पाला, तिने कशालाही तोंड लावले नाही. बारा तास उलटले तर लगेच फोन करा, असे डॉक्टरांनी सांगितले होते.

रात्री पावणेबाराला तिने कोथिंबिरीची एक काडी ओढून घेतली आणि ती टोकापासून आत जात जात दिसेनाशी झाली. सकाळी सासूबाई नेहमीप्रमाणे पाचला उठल्या, या वेळी दार उघडून आत गेल्या, पिंजऱ्यापाशी बसल्या आणि तिथूनच मला हाक मारून म्हणाल्या, "नऊ लेंड्या आहेत. मोजल्या मी."